पिवळी पुस्तिका आणि घानाचा किनारा: सात दिवस

निघण्याआधी

घानाला जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "तिकडे सुरक्षित आहे ना?" दक्षिणेकडच्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर माणसांची धास्ती फारशी नाही. डास, रस्ता आणि समुद्र यांची मात्र घ्यावी तेवढी काळजी थोडीच. आणि या सगळ्याच्या आधी येते एक पिवळी पुस्तिका. ती नसेल तर घानाच्या राजधानीत, अक्रात, अडचण होतेच, पण खरी पंचाईत होते ती परतताना, मुंबईत.

ही पुस्तिका म्हणजे पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. नऊ महिन्यांवरच्या प्रत्येक प्रवाशाला घानात शिरताना ते लागतं. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ते लागू होतं, म्हणजे आठ दिवस आधी टोचून घेतलेल्या माणसाचं कार्ड विमानतळावर बाद ठरतं. ११ जुलै २०१६ पासून एक डोस जन्मभर चालतो. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ती आता आजन्म धरली जाते, पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रातलंच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटनांची केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं आहे. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. ही केंद्रं ठराविक वारीच लस देतात, कारण एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे वेळ आधी घ्यावी लागते, आणि सुट्ट्यांच्या हंगामात ती चटकन मिळत नाही. लस जिवंत विषाणूची आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून तपासायचं: नाव पासपोर्टवर आहे अगदी तसं, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही, शिक्का. नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून पुढे वाद होतात.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो दिल्लीतल्या चाणक्यपुरीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयातून मिळतो. अर्ज, फोटो, जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याची सोय किंवा निमंत्रणपत्र, बँकेचा तपशील आणि पिवळ्या कार्डाची प्रत हा नेहमीचा संच. म्हणजे लस आधी, व्हिसा नंतर, असाच क्रम लावावा लागतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. उतरल्यावर मिळणारा व्हिसाही आहे, पण त्याची परवानगी घानाच्या इमिग्रेशन खात्याकडून आधी काढावी लागते. "तिकडे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यांसाठी तो नाही.

एक प्रवेशाचा घ्यायचा की अनेक, हे अर्ज भरतानाच ठरवा. टोगोची राजधानी लोमे ही घानाच्या आफ्लाओ नाक्याला अक्षरशः चिकटून आहे, आणि सीमेपलीकडे जेवून येऊ असा मोह होतो. पलीकडे पाऊल टाकलं की एक प्रवेशाचा व्हिसा संपला, आणि टोगोचा व्हिसा वेगळा लागतो तो वेगळाच.

शेवटचं काम हिवतापाच्या गोळ्यांचं. घानात हिवताप बारमाही आणि सगळीकडे आहे, तोही फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. क्लोरोक्विन तिथे निरुपयोगी. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं तर हिशेब असा: पोचण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज १०० मिलिग्रॅम, तिथले सात दिवस, आणि परतल्यावर २८ दिवस. एकूण ३७ कॅप्सूल, म्हणजे दहाच्या चार पट्ट्या. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि गिळल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळीने ऊनही पटकन भाजतं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हा दुसरा पर्याय परतल्यावर सातच दिवस घ्यावा लागतो. कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारून आणि औषधाच्या दुकानात साठा आहे का ते आधी पाहून.

पुणेकरांसाठी एक टीप. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लशीला जगात सर्वात आधी मंजुरी दिली ती घानानेच, एप्रिल २०२३ मध्ये. पण ती तिथल्या लहान मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही.

पहिला दिवस, शनिवार: अक्रा

मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबीला बदलावं लागतं. घड्याळ साडेपाच तास मागे घ्यायचं; घाना ग्रिनिच वेळेवर चालतं आणि अक्राशेजारच्या तेमा शहरातून शून्य रेखांश जातो.

टर्मिनल ३ मध्ये "आक्वाबा", म्हणजे सुस्वागतम्, अशी मोठी पाटी दिसते. तिच्याही आधी आरोग्य खात्याचं टेबल लागतं. तिथल्या बाई पासपोर्टला हातही लावत नाहीत, नुसतं "यलो कार्ड?" म्हणतात. पुस्तिका चेक-इन बॅगेत टाकणारे इथेच घामाघूम होतात. ती पासपोर्टच्या कव्हरातच ठेवायची.

पुढे इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो. अधिकारी शिक्का मारून त्यावर राहण्याचे दिवस लिहितो, आणि इथे बरेच जण चुकतात. व्हिसावर लिहिलेली मुदत ही आत शिरण्याची मुदत असते. किती दिवस राहायचं ते या शिक्क्यावरचा आकडा ठरवतो. खिडकी सोडण्याआधी तो वाचा आणि कमी वाटला तर तिथेच सांगा. नंतर वाढवायचा तर इमिग्रेशनच्या कचेरीत अर्ज, फी आणि पासपोर्ट काही दिवस त्यांच्याकडे.

सामानातल्या औषधांबद्दल सावध राहा. ट्रामाडॉल आणि टॅपेन्टाडॉल या वेदनाशामकांचा पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी मोठा गैरवापर होतो, आणि त्यातला बराच माल भारतातून गेलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत सरकारला टॅपेन्टाडॉल-कॅरिसोप्रोडॉल मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवावी लागली. त्यामुळे पाठदुखीच्या साध्या पट्टीवरूनही प्रश्न येऊ शकतात. औषधं मूळ पट्टीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. लष्करी छापाची पँट, टोपी, पिशवी घरीच ठेवा. नागरिकांना तसे कपडे घालायला बंदी आहे. ड्रोनला नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते.

रुपये तिथे कोणी घेत नाही. डॉलर न्या. भारतातून रोख नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. नोटा नव्या आणि कोऱ्या हव्यात, दुमडलेल्या किंवा जुन्या छपाईच्या परत करतात. आणि शंभराच्या नोटेला दहाच्या नोटेपेक्षा चांगला भाव मिळतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी चालू करा.

चलनाचं नाव सेडी. अकान भाषेत सेडी म्हणजे कवडी. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत या किनाऱ्यावर नाणं म्हणून चालल्या. आपल्याकडे कवडी "कवडीमोल" झाली, इथे तिचं नाव नोटेवर आहे. २००७ मध्ये चार शून्यं कापली आणि जुन्या दहा हजार सेडींचा एक नवा सेडी झाला. पण बाजारात अजूनही कोणी "एक मिलियन" मागितले तर दचकू नका. ते शंभर मागत असतात.

शहरात शिरताना काळ्या-लाल कपड्यांतली माणसं घोळक्याने दिसतात. शनिवार हा अंत्यविधींचा वार. महिनाभर आधी ठरवून, चौकाचौकात फोटोसकट फलक लावून, मंडप आणि वाद्यांसकट निरोप दिला जातो. मंडपाने रस्ता अडला तर टॅक्सीवाला मुकाट्याने गाडी वळवतो.

टॅक्सी ॲपवरून मागवा. उबर, बोल्ट, यँगो तिन्ही चालतात, पण चालकाला रोख हवी असते. संध्याकाळी सव्वासहाला काळोख पडतो, बाराही महिने. आणि अक्रातला रात्रीचा पहिला धोका चोर नाही, गटार आहे. फुटपाथलगतची गटारं कमरेइतकी खोल आणि बरीचशी उघडी असतात, त्यात वीज गेलेली असली तर काही विचारू नका. विजेच्या या लपंडावाला तिथे "दुमसोर" म्हणतात: दुम म्हणजे विझव, सोर म्हणजे पेटव. खिशात टॉर्च ठेवा. मोबाइलचा टॉर्च नको, कारण रस्त्याकडेला हातात धरलेला मोबाइल मोटारसायकलवरून हिसकावला जातो. अक्रात हाच प्रकार सर्वात जास्त ऐकू येतो.

दुसरा दिवस, रविवार: जेम्सटाउन

रविवारी माकोला बाजार बंद. शहर चर्चमध्ये असतं आणि रस्ते रिकामे मिळतात, म्हणून जुनं अक्रा बघायला हाच वार बरा.

सकाळी आधी वाच्ये. चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्यात ज्वारीच्या जातीच्या एका झाडाची पानं आणि दांडे टाकतात, त्याने भाताला तांबूस-तपकिरी रंग चढतो. टोपल्यासमोर सातलाच रांग लागते आणि दहानंतर तळ दिसतो. बाई केळीसारख्या रुंद पानावर भात घालतात, वर गारी म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, शेवया, उकडलेलं अंडं, आणि शेवटी चमचाभर शितो. हा शितो काळा, तेलकट, तिखट आणि जिभेवर रेंगाळणारा. शाकाहारी माणसाने इथेच थांबायचं. शितोत सुकी कोलंबी आणि सुके मासे असतात. आपल्या सुकटीच्या चटणीचाच भाऊ तो.

शाकाहाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. नुसतं "मीट नको" म्हणू नका, कारण मासे मीटमध्ये मोजत नाहीत. "नो मीट, नो फिश, नो शितो" असं तिन्ही सांगा. रेड-रेड म्हणजे पामतेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकी केळी. मासे न घालता केली की पोटभर जेवण होतं. केलेवेले म्हणजे राजेळीसारख्या जाड केळ्याचे तुकडे, आलं-मिरची लावून तळलेले. हे रात्री रस्त्याकडेलाच मिळतात. केंकी हा मक्याचं पीठ आंबवून, कणसाच्या सालात बांधून उकडलेला गोळा. आंबोळीचं पीठ जरा जास्त आंबलं तर जसा वास येतो, तसा त्याचा असतो. कोकणातल्या माणसाला तो आवडतो, बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी.

पाणी पिशवीतलं: अर्ध्या लिटरची प्लास्टिकची उशी, नाव "प्युअर वॉटर". कोपरा दातांनी तोडायचा आणि पिळत प्यायचं. पिशवीवर छापलेलं बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक बघा आणि कोपरा आधी पुसून घ्या. पोट बिघडतं ते आतल्या पाण्यापेक्षा बाहेरच्या ओल्या पिशवीने. खोलीवर तीस पिशव्यांचं गाठोडं घेऊन ठेवणं सर्वात स्वस्त.

जेम्सटाउनमध्ये दीपगृह, जुने किल्ले आणि कोळीवाडा. फिरवणारे तरुण स्वतःहून येतात. पैसे आधी ठरवा, सगळे एकालाच द्या. नावांची गंमत तिथेच कळते. रविवारी जन्मलेला मुलगा क्वासी, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. आपला जन्मवार पाठ असला की कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं गप्पांची सोय होते. हात उजवाच पुढे करायचा. पैसे देताना, घेताना, खाताना डावा हात चालत नाही, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. हस्तांदोलनाच्या शेवटी एकमेकांच्या मधल्या बोटाने चुटकी वाजवतात. ती मात्र जमायला दोन दिवस जातात.

फोटोंचे नियम कडक आहेत. विमानतळ, बंदर, पोलीस, सैनिक, नाकी आणि ज्युबिली हाउस हे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, यांचे फोटो काढायचे नाहीत. ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून, भारतीय कंत्राटदाराने बांधलं, हे तिथल्या पहारेकऱ्याला सांगून उपयोग होत नाही.

दुपारी ओडोरकोर भागातल्या आफ्रिकेच्या हिंदू मठात जाता येतं. स्वामी घनानंद सरस्वती या घानातच जन्मलेल्या संन्याशाने १९७५ मध्ये तो सुरू केला, आणि आज तिथले बहुतेक भक्त आफ्रिकन आहेत. गणेशोत्सवही होतो आणि विसर्जन अटलांटिकमध्ये.

तिसरा दिवस, सोमवार: केप कोस्ट

अक्रा ते केप कोस्ट अंतर साधारण १४५ किलोमीटर, वेळ तीन ते साडेचार तास. ही तफावत कासोआची. शहराबाहेर पडताना तिथे गाड्या रांगत जातात आणि रस्त्याचाच बाजार होतो: डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया खिडकीपाशी केळ्याचे वेफर्स, पाण्याच्या पिशव्या, टूथब्रश, एकदा तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा विकायला आणतात. पहाटे सहाच्या आत निघालं तर तास वाचतो.

जायचं कसं? मोठ्या बसेस वेळेवर आणि वातानुकूलित असतात, जॅकेट जवळ ठेवा. ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि दारात लटकणारा "मेट" ठिकाणाचं नाव ओरडत असतो, "सर्क, सर्क, सर्क!" म्हणजे एन्क्रुमा सर्कल. हात दाखवायचीही भाषा आहे. बोट खाली करून गोल फिरवलं की सर्कल. शहरात ट्रोट्रो बिनधास्त घ्या. लांबच्या रस्त्याला टायर, पट्टे आणि चालकाचे डोळे बघून घ्या. बसस्थानकातून गाडी सुटताना एखादा प्रवचनकार उभा राहून प्रार्थना म्हणतो आणि मग पोटदुखीचं चूर्ण विकतो. मान हलवली तरी पुरते.

काळोख पडल्यावर महामार्गावर जायचं नाही. हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा सल्ला. बंद पडलेले ट्रक दिव्याविना रस्त्यातच उभे असतात, मागे खूण म्हणून झाडाची फांदी टाकलेली असते आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सहाच्या आत मुक्काम गाठायचा असं धरून उलटा हिशेब मांडा. वाटेत पोलिसांची नाकी लागतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत हाताशी ठेवा, मूळ पासपोर्ट मागितल्यावरच काढा.

जानेवारीत हवा पिठूळ असते. सहारावरून येणारा हरमाटन वारा धूळ आणतो, सूर्य ताटलीसारखा फिकट दिसतो, ओठ फुटतात. व्हॅसलीन आणि डोळ्यांचे थेंब लागतातच. दम्याच्या माणसाने डिसेंबर ते फेब्रुवारी टाळावे. एप्रिल ते जुलै मोठा पाऊस. ऑगस्ट कोरडा आणि थंडावा असलेला, पण त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

केप कोस्टचा किल्ला पांढराशुभ्र आणि समुद्राला टेकलेला. १६५३ मध्ये स्वीडिश लोकांनी सुरुवात केली आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला. मार्गदर्शक पुरुषांच्या कोठडीत नेऊन दिवा मालवतो. वर एक झरोका, बाकी काळोख, आणि पायाखाली माणसांच्या घाणीचा शतकभराचा थर दगडासारखा बसलेला. बरोबर या कोठडीच्या डोक्यावर प्रार्थनामंदिर होतं. पुढे "परत न येण्याचं दार". त्यातून बाहेर पडलं की थेट कोळीवाडा, जाळी विणणारे, फुटबॉल खेळणारी पोरं. त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला "परतीचं दार" अशी पाटी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतून आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष आणून आसिन मान्सो इथे पुरले, ते याच दारातून आत आले होते.

बाहेर एखादा मुलगा सहज नाव विचारतो. तासाभराने बाहेर याल तेव्हा त्या नावाचा शिंपला तयार असतो आणि "भेट" म्हणून हातात ठेवला जातो. मग पैसे. नाव सांगू नका, किंवा सांगायचंच तर हसून "क्वासी" सांगा.

चौथा दिवस, मंगळवार: काकुम आणि एल्मिना

काकुमचं जंगल केप कोस्टपासून तीसेक किलोमीटर उत्तरेला. झाडांच्या शेंड्यांमधून टांगलेले सात झुलते पूल, एकूण लांबी ३५० मीटर, काही ठिकाणी जमीन ४० मीटर खाली. १९९५ मध्ये बांधले. पायाखाली एकच फळी, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत दोरांची जाळी. उंचीची भीती असेल तर पहिल्या पुलानंतर लगेच परतायची वाट आहे, ती मागायला लाजू नका. उघडताच पोचा, नंतर शाळांच्या सहली येतात, पूल हलतात आणि प्राणी काय, पक्षीही राहत नाहीत. जंगलात हत्ती आहेत, पण दिसतील अशी आशा घेऊन जाऊ नये. आधी पंधरा-वीस मिनिटं दगडी चढण आहे, चप्पल नको.

मंगळवार मुद्दाम निवडलेला. या किनाऱ्यावर मंगळवारी समुद्रात होडी घालत नाहीत, तो दिवस समुद्राच्या दैवताचा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, इथे दर आठवड्याला एक दिवस. त्यामुळे एल्मिनाच्या बेन्या खाडीत सगळ्या होड्या एकाच वेळी नांगरलेल्या असतात: एकसंध ओंडक्यातून कोरलेल्या, रंगवलेल्या, झेंडे लावलेल्या. कोळी निवांत जाळी शिवत बसतात आणि बोलायला तयार असतात. फोटो विचारून काढा. नाही म्हटलं तर नाही.

एल्मिनाचा किल्ला १४८२ चा, म्हणजे गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडण्याच्या २८ वर्षं आधीचा. वसई-रेवदंड्याचे कोट पाहिलेल्या माणसाला बुरुजांची ठेवण ओळखीची वाटते, आणि आतला उपयोग कळला की ती ओळख नकोशी होते. १६३७ मध्ये तो डचांनी घेतला, १८७२ मध्ये इंग्रजांनी. बायकांच्या अंगणावर गव्हर्नरचा सज्जा आहे. तिथे उभं राहून तो खाली बोट दाखवत असे. या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना १९७९ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे.

पाचवा दिवस, बुधवार: बुसुआ

ताकोराडीच्या वाटेवर बेपोसोजवळ प्रा नदीचा पूल लागतो. नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं. हे "गलामसे" म्हणजे बेकायदा सोन्याच्या खाणींचं काम. ताकोराडीहून ट्रोट्रोने आगोना जंक्शन आणि तिथून शेअर टॅक्सीने बुसुआ.

बुसुआचा समुद्र त्यातल्या त्यात सौम्य, पण "त्यातल्या त्यात" हेच शब्द लक्षात ठेवा. गिनीच्या आखातात ओढ जबरदस्त आहे. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जिथे पाणी सपाट आणि गढूळ दिसतं, तिथेच आत ओढणारा प्रवाह असतो, आणि नवखा माणूस शांत जागा समजून नेमका तिथेच उतरतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या, मग वळा. जीवरक्षक बहुतेक ठिकाणी नसतात. पाण्यात शिरण्याआधी कोळ्यांना विचारा. अंधार पडल्यावर वाळूत फिरणं टाळा, लुटीच्या घटना तिथेच होतात. आणि वस्तीलगतच्या पुळणीवर पायाखाली बघून चाला. वर्सोव्यापासून मालवणपर्यंतच्या लोकांना कारण सांगायला नको.

जवळच डिक्सकोव्हचा इंग्रजांचा किल्ला आणि पुढे केप थ्री पॉइंट्सचं दीपगृह. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात त्या समुद्रातल्या बिंदूला हीच सर्वात जवळची जमीन. रस्ता खडबडीत, मोटारसायकल ठरवली तर हेल्मेट मागा, बहुधा एकच असतं.

सहावा दिवस, गुरुवार: परत अक्रा

दिवसभर प्रवास. वाटेत किंवा हॉटेलच्या लॉबीत कोणीतरी सोन्याचा विषय काढतो: गावातलं सोनं, बाजारापेक्षा स्वस्त, थोडी आगाऊ रक्कम. मराठी माणसाचा सोन्यावर जीव आहे म्हणून स्पष्ट सांगायला हवं. मे २०२५ पासून परदेशी माणसाला घानाच्या स्थानिक बाजारात सोन्याचा व्यवहार करायला कायद्याने बंदी आहे, तो अधिकार फक्त गोल्ड बोर्डाकडे. तेव्हा समोरचा खरा असो की खोटा, अडकणार आपणच. ऑनलाइन ओळखीतून आलेलं लग्नाचं किंवा नोकरीचं बोलावणंही याच पठडीतलं.

उत्तरेकडे जाण्याचा बेत असेल तर बावकू आणि बुर्किना फासोच्या सीमेचा पट्टा टाळा. बावकूत गादीच्या वादावरून गोळीबार होतो आणि संचारबंदी लागते. सीमेपलीकडे जिहादी टोळ्या आहेत. किनाऱ्यापासून हे शेकडो किलोमीटर दूर, पण मदतीला त्याहून दूर. आणीबाणीचा क्रमांक ११२. भारतीय उच्चायुक्तालय अक्रात आहे. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंद करून ठेवायला पाच मिनिटं लागतात. समलिंगी संबंध तिथे गुन्हा आहे आणि गांजासाठी तुरुंग, हेही ठाऊक असावं.

सातवा दिवस, शुक्रवार: निघताना

शुक्रवारी कचेऱ्यांत रंगीबेरंगी छापील कापडाचे कपडे घालतात, म्हणून माकोलात कापड बघायला हा वार छान. घासाघीस करायची, पण आधी "गुड मॉर्निंग". ते न म्हणता भाव विचारणं उद्धटपणा ठरतो. लाकडी मूर्ती जुनी दिसणारी असेल तर संग्रहालय मंडळाचा दाखला घ्या, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. हस्तिदंताला हात लावू नका. शितोची बाटली दोन पिशव्यांत बांधा, तेल झिरपतंच.

मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आफ्रिकेहून आलेल्यांची वेगळी रांग. पिवळी पुस्तिका पुन्हा एकदा. ती नसेल किंवा दहा दिवस भरले नसतील तर भारतीय नागरिक असलात तरी सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. दारात घ्यायला आलेली माणसं तशीच परत जातात.

घरी पोचल्यावर बॅग रिकामी होते, पण गोळ्यांच्या चारपैकी जवळजवळ तीन पट्ट्या अजून शिल्लक असतात. त्या जेवणाच्या टेबलावरच ठेवा, कपाटात गेल्या की विसरतात. आणि पुढच्या तीन महिन्यांत ताप आला, तो पावसाळी सर्दीसारखा वाटला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पहिलं वाक्य हे: "मी घानाला जाऊन आलोय, हिवतापाची तपासणी करा."